राखणे

कोराडीच्या चिमण्या दिसतात माझ्या खिडकीतून,
लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या.
संध्याकाळी सातला कौतिकाबाई शिकवणीला येतात,
वही पदराखाली, राखेपासून जपत.
वय एक्कावन्न. हुद्दा सरपंच.
पंचायतीतल्या खुर्चीवर मात्र मारोतराव बसतात
आणि गाव त्यांना म्हणतं सरपंचपती,
एका दमात, मध्ये जागा न सोडता.

आज बाईंनी विचारलं,
"मॅडम, पॉवर म्हंजे नेमकं काय?
मीटरवर लिवलं रायते, चष्म्याच्या चिठ्ठीवर रायते,
अन् बीडीओ साहेब म्हंतात, तुमच्यापाशी हाये,
तुम्ही वापरत नाई."

मी जाड कोश काढला.
इंग्रजीत हा शब्द फ्रेंचांकडून आला, सांगितलं,
फ्रेंचांकडे लॅटिनमधून.
तिथं 'पोतिस', म्हणजे समर्थ, ज्याला जमतं तो.
आणि त्याचा रक्ताचा नातलग आपल्या संस्कृतात,
इथं माझं बोट अडलं,
पती.

बाई पानाकडे बघत राहिल्या.
मग हसल्या, पदर तोंडाशी न नेता.
"म्हंजे तिकडंबी तेच?"

मी उगाच सावरायला गेले.
म्हटलं, आपले जुने पंडित
पती हा शब्द 'पा' धातूपासून सांगतात.
पा म्हणजे राखणे.
जो राखतो, तो पती.

तेवढ्यात लाइट गेली.
इथून हाकेवर अर्ध्या राज्याची वीज शिजते
आणि मी माझ्याच घरात
काडेपेटीसाठी चाचपडते.
अंधारात त्यांचं बोट टेबलावरून फिरलेलं
ऐकू आलं, खरखर.
"राखते, तं मंग हे काय राखलं?"
बोट माझ्या तळहातावर टेकवलं त्यांनी.
बारीक, कोरडी, रोजची.
सकाळी पुसलेलं होतं मी ते टेबल.

मोबाइलच्या उजेडात वहीत लिहिलं,
पॉवर: ज्याला जमतं.
थांबल्या.
'ज्याला' खोडून 'जिले' केलं, आपल्या बोलीतलं,
मी लाल पेन उचललं नाही.
खाली सही केली, कौतिका डहाट, सरपंच,
आणि पुढं बोटभर जागा
तशीच सोडून दिली.

चप्पल घालता घालता म्हणाल्या,
"सोमवारी राखेच्या तलावाचा ठराव हाये.
कंपनीले द्यायचा अर्ज इंग्रजीत लिवतो मी.
तुम्ही फक्त तपासून ठेवजा.
सही नोका तपासू."