अनुरेखक

माझ्या पेनाचं सर्वांत बारीक टोक पॉइंट दोनचं.
चार हजाराला एक या प्रमाणात
ती रेघ जमिनीवर ऐंशी सेंटिमीटर भरते.
म्हणजे एक माणूस, जरा आडवा चालणारा,
नाहीतर दोन शेळ्या, भांडत.
एवढी जमीन कुणाचीच नसते. ती रेघेची.

चौतीस वर्षं मी नगररचनेत रेघा ओढतो.
पिवळा म्हणजे राहायचं, निळा म्हणजे दुकानं,
जांभळा कारखान्यांचा,
आणि हिरवा म्हणजे थांबा.
लोकांना वाटतं, हिरवा म्हणजे झाडं.
एप्रिलात टेकडीवर जाऊन बघा,
सगळं गवत पिवळं,
नियमाप्रमाणे राहण्यायोग्य.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात पंखे तीन, चालू एक.

हरकत क्रमांक अकराशे सत्तेचाळीस.
सुदाम बराटे, वारजे. हातात घामानं मऊ झालेला सातबारा.
"आजाच्या नावावर होता तेव्हा डोंगर होता.
बापाच्या नावावर आला, आरक्षण झालं.
बाग तुम्ही केली नाही, घर मला बांधू दिलं नाही,
कुसळं तेवढी वाढली.
कुसळांचा मोबदला किती, मॅडम?"
टिळेकर मॅडमनी लिहून घेतलं,
'मोबदला' शब्दाखाली रेघ मारली.
माझ्या कुठल्याही पेनात बसणार नाही इतकी जाड.

मग वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त बाई, पिशवीभर फोटो घेऊन.
"एकास पाचाहून खडा उतार असेल तर बांधकाम नाही, बरोबर?
म्हणून रात्री जेसीबी येतो.
सकाळी उतार एकास सहा झालेला असतो."
कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत.

अकराशे एकोणपन्नासच्या अर्जावर
सर्व्हे नंबरच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.
कोंडाबाई खिलारे.
"माझी वाट दावा ह्याच्यात."
कसली वाट?
"शेरडांची. टाक्यापासनं वर, खिंडीतनं पल्याड.
पिवळ्यात न्हाई, हिरव्यात न्हाई, समदीकडं बघितलं."
मॅडम वाईट नाहीत. थकल्या होत्या.
"बाई, ही हरकत आहे की सूचना?"
कोंडाबाईनं विचार केला.
"वाट हाय," म्हणाली.

नोंद झाली: अर्जदार जमीनधारक नाहीत.

एक सांगायचं राहिलं.
नोकरीत नवा होतो तेव्हा
एका चिठ्ठीवर मी ओढा खरवडला होता.
अर्ध्या ब्लेडनं, फिल्मला ओरखडा पडू न देता,
उगमाकडून नव्हे, खालून वर, म्हणजे शाई पसरत नाही.
साहेब म्हणाले, हात आहे तुला.
पाहणी मे महिन्यात झाली होती. पाणी नव्हतं.
खरंच नव्हतं.
पुढे कितीतरी वर्षांनी, एका सप्टेंबरात, रात्री,
ते आपल्या जुन्या पत्त्यावर आलं.
तळमजल्यात गाड्या तरंगल्या.
पेपरात छापलं, सोसायटीत पाणी घुसलं.
मी तो पेपर घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.
कोण कुणाच्या घरात घुसलं होतं, मला माहीत होतं.

तर त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी मूळ नकाशा उलगडला.
पॉइंट दोन. टाक्यापासून वर.
खिंडीपाशी हात थोडा थरथरला, तिथं वाटही वळत असेल.
सूचीत नाव नाही, रंग नाही, क्रमांक नाही.

आता सगळं संगणकावर चढवायचं आहे.
कौस्तुभ नावाचा मुलगा आलाय, कंत्राटी,
कानात इयरफोन, नजर तीक्ष्ण.
मोठं करून बघत होता. म्हणाला,
"काका, ही हिरव्यातली रेघ कसली?"

मी चष्मा पुसला.
"घडी पडली असेल कागदाला."

तो थोडा वेळ बघत राहिला,
एकदा पडद्याकडे, एकदा माझ्या बोटांवरच्या शाईकडे.
मग त्यानं स्कॅन केलं.
घडीसकट.