खुरांचा हिशेब

पहिल्यांदा आलो तेव्हा इथे घोड्याचे चारच खूर होते.
बरक्याच्या बाहेर, समुद्र ऐकू येईल न येईल एवढ्या अंतरावर,
झावळ्यांच्या कुंपणात शेळ्या,
आणि शेळ्यांच्या मागे हबूब,
शर्यतीतून काढून टाकलेली,
डाव्या पायाने जमीन चाचपत उभी.

खल्फान तेव्हा मासळीचा ट्रक चालवायचा.
म्हणाला, दस्तगीर, पैसे पुढच्या महिन्यात.
मी खूर मांडीवर घेतला.
तळव्यात मोडका खिळा, काळा पडलेला.
निघाला, तशी तिने मान वळवून
माझ्या पाठीचा घाम हुंगला.

पुढचा महिना अकरा महिन्यांनी आला,
आणि तोवर तिच्या पोटात शिंगरू होतं.

शमसाची एक निळी वही होती, शाळेची,
उजवीकडून डावीकडे भरत जाणारी.
जव इतके. लसूणघास इतका.
‘खिळे, सहा रियाल’ म्हणजे मी.

जुलैची रात्र, वीज गेलेली.
शिंगराचा एक पाय आत दुमडून राहिला होता.
घालिया नऊ वर्षांची. तिने टॉर्च धरला,
आमचे हात थरथरले, टॉर्च नाही.
ओलं, काळं, घसरडं काहीतरी गवतावर पडलं
तेव्हा ती किंचाळली: याला बोटं आहेत!
असतात.
शिंगराच्या खुरांना जन्मताना मऊ बोटं असतात,
आईला आतून फाडू नये म्हणून.
चार पावलं टाकली की झिजतात.

मग भिंती आल्या. मग पंखे.
मग वाळूच्या या मुलखात
उडीच्या रिंगणासाठी वाळू विकत आली,
जहाजाने, बिलासकट.
खल्फान मूठभर हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला,
मग खिशात टाकली.
जर्मनीहून घोडा आला तो स्टीलच्या थर्मासात,
थंड वाफा सोडत.
तो उघडला तेव्हा खल्फान नमाजाला गेला,
अजून वेळ झाली नव्हती तरी.

घालिया शिकून परतली.
म्हणाली, बाबा, जे जन्मतं ते सगळं ठेवता येत नाही.
हबूबचा नातू दोह्याला विकला.
गाडी निघाली तेव्हा म्हातारा आपल्या ट्रकमध्ये
एसी लावून, काचा वर करून बसला होता.
त्या पैशातून चौदा खण बांधले.

हबूब पडली त्या पहाटे
मी आधी तिचे नाल उपसले.
असं करतात की नाही, माहीत नाही.
वाटलं, लोखंड कशाला न्यायचं बरोबर.
खजुरांच्या मागे पुरली.
शमसाने वहीत तारीख लिहिली, पुढे काही नाही.

आता वही नाही, संगणक आहे.
रविवारी मोजले: एकशे चार खूर.
माझी कंबर सव्वीस घोड्यांखाली वाकून
वाकल्या जागीच राहिली आहे.

यंदाच्या शिंगरीचं नाव ठेवताना
घालियाने विचारलं, तुमच्याकडे घोडे कुठे विकतात?
मी सांगितलं: सारंगखेडा, तापीच्या काठावर,
बापाने मला तिथेच रासप धरायला शिकवलं.
तिने अर्धं गाव घेतलं: सारंग.
कागदावर मात्र ‘ग’ मिळाला नाही, ‘ज’ लागला.
पासपोर्टात, शिक्क्यासह, ती आता सारंज,
आईकडून हबूबची पणती,
बापाकडून थर्मास.

शेतावर कोणी काहीही म्हणो,
खूर उचलताना मी पूर्ण नाव घेतो.
ती कान मागे टाकते. आवडत नसावं.

खूर महिन्याला करंगळीच्या नखाएवढा वाढतो, जास्त नाही.
वाढला तेवढा मी कापत आलो,
आणि शेतावरची कुत्री दरवेळी ती कातरण
तोंडात धरून पळून गेली.
वीस वर्षांची वाढ कुठे गेली विचाराल
तर त्यांनी कुठे कुठे पुरून ठेवली आहे.

उद्या सारंजची पाळी. नाल नाही अजून,
नुसती कड घासायची.
कुत्री आजच येऊन बसली आहेत.