खिडकी नंबर तीन, मिरज

रात्री सव्वादोनला काचेपलीकडं
एक कपाळ टेकलं.
तेवढ्यापुरती काच धुरकटली,
मग तिनंच बाहीनं पुसली.

नाव?
तुमाइनी म्वाक्युसा.
आधी आडनाव, मग तुझं, मग वडलांचं किंवा नवऱ्याचं.
ती हसली नाही. मी हसले, सवयीनं.

या खिडकीत बावीस वर्षं झाली मला.
अथणी, रायबाग, विजापूरची माणसं येतात
रात्रीच्या गाडीनं, चादरीत गुंडाळलेली.
त्यांना मी विचारते, एल्लि नोवु?
आणि ती बोट ठेवतात बरोब्बर जागेवर.
मला वाटायचं, दुखण्याच्या सगळ्या भाषा
मिरजेत येऊन गेल्यात.

ती म्हणाली, होमा.
परत म्हणाली, होमा, होमा,
आणि छातीवर हात ठेवला.
मला दिसला तो होम:
समिधा, तूप, डोळ्यांत धूर,
आणि मधोमध बसलेली ही एकवीस वर्षांची पोर.
तिच्याकडं तापाला होमा म्हणतात
हे मागाहून कळलं.
तसं बघितलं तर मी फार चुकले नव्हते.

मुक्काम पोस्ट? म्बेया.
तालुका?
यादीत म्बेया नव्हतं.
मी जत निवडलं, लांब म्हणून.

मग ती म्हणाली, दावा.
मी म्हटलं, दावा नंतर, आधी डिपॉझिट.
विम्याच्या कार्डावरचा नंबर फिरवला,
तर एक बाई गोड आवाजात सांगत राहिली
की आमची वेळ सकाळी दहा ते सहा.
पंधरा हजार, रोख.
तिच्याकडं अकराशे चाळीस होते
आणि मेसचं एक कुपन.
दावा, ती म्हणत राहिली, दावा,
आणि माझ्या मागं फळीवर
मेडिकलवाल्याचं खोकं होतं, तिकडं बघत राहिली.
दावा म्हणजे दवा.
काना एवढाच होता आमच्या मधे,
आणि तो काढायला मला वीस मिनिटं लागली.

आधार नंबर?
कॉम्प्युटर रिकामी चौकट सोडून पुढं जात नाही.
मी बारा शून्यं टाकली.
तो म्हणाला, हा पेशंट आधीच नोंदलेला आहे.
अनोळखी स्त्री, वय अंदाजे साठ,
एस्टी स्टँडवर सापडली.
पुढं काहीच नाही.
कोण, कुठली, बरी झाली का, घेऊन कोण गेलं.
मी तीच फाईल उघडली.
वय खोडता येईना.
वॉर्डात फोन लावला:
कागद बघू नका, पोरीला बघा.

सोबत कोण आहे?
दिवसाला दोनशेवेळा विचारते मी हे.
पाणी प्यावं तसं.
तिला मराठी येत होतं ते एवढंच:
किती झाले, तिखट नको,
आणि विश्रामबागच्या बसमधलं
थांबा, उतरायचंय.
तिनं काचेला तळहात लावला
आणि डोळे मिटून म्हणाली,
थांबा. उतरायचंय.

मागं रांगेत कुणीतरी हसलं.
थर्मामीटरात एकशे चार होता.

सही नातेवाइकाची लागते.
आई, वडील, नवरा, मुलगा, इतर.
इतर निवडलं की खाली चौकट उघडते, तपशील लिहा.
तिथं मी टिंब ठेवलं
आणि सही केली: वैजयंता चौगुले.
सकाळी साहेबांनी बोलावलं त्यासाठी.
काय बोलले ते सोडा.
डिपॉझिटचं कसं झालं, तेही सोडा.
सोसायटीचं कर्ज माझं चालूच होतं.

नवव्या दिवशी ती बिलाच्या रांगेत उभी,
केस धुतलेले, हातात कसलीशी पिशवी.
बिलातून दहा टक्के आपोआप कमी झाले:
ज्येष्ठ नागरिक.
ती बिलाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं,
आणि पहिल्यांदा हसली.
किती झाले?

संध्याकाळी मी फाईल बंद करायला घेतली.
बारा शून्यं.
अनोळखी स्त्री, वय अंदाजे साठ.
खाली नवीन ओळ आली होती, वॉर्डातून:
ताप उतरला. बरी होऊन घरी गेली.