गुंजभर

कुहमोत नोव्हेंबर. दुपारी तीनलाच काळोख.
हिल्का स्वयंपाकाच्या टेबलावर
रिकाम्या पुंगळ्या मांडते.
औषधांचं दुकान विकलं, तराजू तेवढा ठेवला,
काचेच्या पेटीतला, श्वासानेही हलणारा.

बुडावर एकच शिक्का, एकच साल.
तरी ही गुंजभर जड.
‘जड म्हणजे भिंत जाड, आत जागा कमी.
दारू तेवढीच, पण दाब चढतो,
गोळी वर जाते.’
मग ड्रॉपरने पाणी भरून
पोटातली जागाही मोजते.
जड या डब्यात, हलक्या त्या.
मानेला चीर गेलेली भंगारात.

एक मात्र खिडकीत असते.
दोन वर्षांमागची.
चार बोटं वर गेलेली गोळी,
दलदलीपर्यंत रक्ताचा माग,
आणि कुत्रा घेऊन दोन दिवस
एल्क शोधत फिरलेले
मी, ती, तिचा तौनो.

सगळ्यांत शेवटी ती हिला तोलते.
पुसून. पाणी भरून. पुन्हा पुसून.
तौनो म्हणतो, सोड आता.
मी काट्याकडे बघत नाही.

बाकीच्यांइतकीच.

पुंगळी परत खिडकीत जाते.
हिल्का उजवा हात
दिव्याखाली धरते,
बोटं पसरून,
बराच वेळ.