उणे एकोणीस

झाडाला कपडे कुणी घालतं का,
पहिल्याच हिवाळ्यात विचारलं होतं मी.
वेंडेलीन म्हणाला, कपडे नंतर. आधी पेंढा.
बुंध्याशी पेंढा, मग झावळ्या वर ओढून
सुतळीने बांधायच्या, बुचडा बांधावा तशा,
मग पांढरं कापड, मग फळ्यांची पेटी,
आणि पेटीत नाताळच्या दिव्यांची माळ.
जुनी. हाताला चटका देणारी.
नव्या माळा नुसत्याच लुकलुकतात.

चौतीस वर्षं सिग्नलचे दांडे ओढले ह्या माणसाने.
समुद्र पाहिला एकदाच, वार्नाला, तोही पावसात.
कोटाच्या खिशातून ताडाच्या बिया आणल्या, मोजून अकरा.
दहा उगवल्या नाहीत.
अकरावी आमच्या अंगणात आता सोळा वर्षांची आहे
आणि मी तिला सोळा वर्षं सवत म्हणते.
शेजारचा ब्लाजेय दर नोव्हेंबरात कुंपणावरून विचारतो,
काय, समुद्र झाकलात का?

यंदा पेटीचं झाकण ठोकताना शिडी सरकली.
खुब्याचं हाड.
इस्पितळातून रोज फोन: आत किती आहे?
तुझ्या आत, की तिच्या?
तिच्या.
उणे दोन.
मग बराच वेळ नुसता त्याचा श्वास.

आणि मग ती रात्र.
ह्रोन नदी काठाकाठाने करकरत होती.
साडेबाराला वीज गेली, गल्ली काळी ठिक्कर.
मी का उठले, कोण जाणे.
गॅसवर पाणी चढवलं,
काकड्यांच्या बरण्या परातीत उपड्या केल्या,
घरभर बडीशेप आणि व्हिनेगर,
गरम पाण्याच्या बरण्यांना वेंडेलीनचे लोकरी मोजे चढवले
आणि गुडघाभर बर्फातून एकेक नेऊन
पेटीत ठेवली.
अंधारात बुंध्याचा काथ्या हाताला लागला,
खरखरीत, त्याच्या रविवारच्या गालासारखा.
दर दीड तासाने बरण्या बदलायच्या.
तिसऱ्या खेपेला ब्लाजेयच्या खिडकीत मेणबत्ती हलली.
चौथ्या खेपेला तो स्वतःच आला,
पायजम्यावर ओव्हरकोट, हातात वाफाळती किटली.
समुद्राचं नाव काढलं नाही.

मार्चमध्ये पेटी उघडली.
झावळ्या ओल्या तंबाखूच्या रंगाच्या.
मधला कोंब तेवढा उभा,
पण उभी तर मेलेली झाडंही असतात.
फोनवर तो म्हणाला, कोंब ओढून बघ, हलक्या हाताने.
हातात आला तर कुजलाय.
मी दोन बोटांत धरला.
खूप वेळ धरून उभी होते.
सोडला.
ओढला, नाही आला, असं त्याला सांगितलं.

मग भुवयांची पेन्सिल आणून
कोंबावर आडवी रेघ मारली, तीच पुढे शेजारच्या देठावर नेली.
कोंब वाढला तर रेघ तुटेल.
रोज सकाळी कॉफी घेऊन बघायचं.
सरळ.
सरळ.
ब्लाजेय चष्मा लावून बघून गेला. सरळ.
पावसाने पुसट झाली तेव्हा पुन्हा गिरवली,
बोटं गारठलेली होती, हात हलला असेल.

एप्रिलअखेर तो आला, कुबड्यांवर.
घराकडे वळला नाही, थेट अंगणात.
नाक लावून बघत राहिला, रंग उडालेल्या बोर्डावर
गाडीची वेळ शोधावी तसा.
ही रेघ कसली?
भुवयांची.
कोंबावरचं टोक देठावरच्या टोकाहून
गव्हाच्या दाण्याएवढं वर होतं.
किंवा मीच तिरकं गिरवलं होतं.
त्याने कोंबाला हात लावला नाही.
तू ओढला नव्हतास, म्हणाला.
मी म्हटलं, सूप निवतंय, चल.