चाळीस सेकंद

तार्तूत नोव्हेंबरात साडेतीनलाच काळोख पडतो.
मी दिवा लावत नाही. पडद्यावर सोळा ओळी,
पंधरा हिरव्या, शेवटची अजून पिवळी.
चहा ओतायला तेवढा उजेड पुरतो.

गावोगावच्या वाचनालयांचं सॉफ्टवेअर. लिहिणारे दुसरे.
मी त्यांचं लिहिलेलं बांधून बघते,
ढकलून बघते, पडलं तर ज्याचं त्याला सांगते,
उभं राहिलं तर सही करून पाठवते.
आई विचारते, म्हणजे नक्की करतेस काय?
वाटाणे निवडते, मी म्हणते. किडका दिसला की ओरडते.
आणि सूप कोण खातं? तिचा पुढचा प्रश्न.
ते मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

हा सगळा कारखाना एंडेलनं उभारला.
तो गेल्यावर माझ्याकडे आलं ते एवढंच:
सहीची किल्ली, काकडीच्या रिकाम्या बरणीतल्या पेनड्राइव्हवर,
आणि नऊशे ओळींची एक स्क्रिप्ट,
जिच्यात त्यानं कुणासाठी एक शब्द बोलून ठेवला नव्हता.
चारशे बाराव्या ओळीवर: चाळीस सेकंद थांब.
कशासाठी? वर काही नाही, खाली काही नाही.
घराच्या मधोमध एक खांब,
ज्याच्यावर काहीच टेकलेलं नाही.

मी तो काढला.
पंधरा हिरव्या होत्या, पंधरा हिरव्याच राहिल्या.
रीगाहून गिर्त्सनं टाळ्या पाठवल्या.
तीन आवृत्त्या झपझप गेल्या
आणि मला वाटलं, जमतंय की आपल्याला.

मग वॉर्म्सी बेटावरून फोन. हिल्या, तिथली ग्रंथपाल.
तक्रारीचा सूरही नाही. म्हणाली,
"पुस्तकं परत येतात, पण परत होत नाहीत.
वहीत लिहून ठेवतेय मी. दोनशे सहा झाली.
सवड मिळाली की बघाल."
तीन आठवडे ती बाई वहीत लिहीत होती
आणि माझ्याकडे सगळं हिरवं होतं.

रात्रभर कोड उपसला. सापडलं ते कोडमध्ये नाहीच,
एंडेलच्या जुन्या मेलमध्ये.
हिल्या, तुझ्याकडे यादी पोचायला किती वेळ लागतो?
एकतीस. वारा असला तर छत्तीस.
समुद्रावरून रेडिओनं जाते ना ती.
यादीच्या आधी गठ्ठा पोचला तर तिथलं मशीन
जुनीच यादी कवटाळून बसतं.
म्हणून चाळीस. छत्तीस तिचे,
चार त्याच्या पदरचे.

आता थांबणं नाही, विचारणं आहे.
पोचली का? नाही.
पोचली का? नाही.
सोळावी ओळ मी तिच्यासाठी लिहिली,
आणि तिच्या डोक्यावर कारण, पूर्ण वाक्यात,
बेटाच्या नावासकट, वाऱ्यासकट.
एंडेल, एवढं लिहायला काय जात होतं तुझं?

पिवळी अजून पिवळीच. पस्तीस. अडतीस.
इथे समोरच्या धुराड्यातून धूर सरळ वर जातोय,
तिकडे सुटलेला दिसतोय.
एक्केचाळीस.
आज तुझंही चुकलं असतं रे.
चहा निवला.

त्रेचाळीसला हिरवी.
हिल्याला कळवलं, आता वही ठेवून दे.
म्हणाली, राहू दे. सवय झालीय,
आणि अजून बरीच पानं कोरी आहेत.