काडीवरचा हिशेब

सकाळी म्बायगेदेमच्या अंगणात जाते.
त्याची कुत्री आंब्याला बांधलेली, तेविसावा दिवस.
नाव तिचं 'लोक-बोलू-देत'.
शेजारणीला टोमणा म्हणून ठेवलेलं.
शेजारीण वारली,
टोमणा शेपूट हलवत मागे उरला.

मागच्या पायाला, घोट्याच्या जरा वर,
फोड फुटलाय. त्यातून लोंबतो
पांढरा, शिजलेल्या शेवयीसारखा,
नारू.
काडीला एक वेढा द्यायचा. मग थांबायचं.
ओढला तर तुटतो, तुटला तर आत कुजतो.
आज दोन बोटं, उद्या दीड.
याला गोळी नाही, लस नाही,
याच्यापुढे घाई चालत नाही.

माझ्या पोटरीवरही त्याची सही आहे,
मी नऊ वर्षांची होते तेव्हाची.
आई बाजरीच्या धाटावर त्याला गुंडाळत होती,
ती सरपणाला गेली आणि मला आग सोसवेना,
मी लंगडत डबक्याकडे पळाले.
पाय बुडवला. हायसं वाटलं.

ते हायसं कुणाचं होतं
हे नर्सबाईंनी सांगितलं, मी तिशीची झाल्यावर.

आग तीच लावते, आतली मादी.
पाण्यापर्यंत जायला तिला पाय नाहीत, म्हणून माझे.
तहान तिची, पाय माझा.
पाय बुडाला की ती दुधट ढग सोडते:
पोरंच पोरं, डोळ्याला न दिसणारी.
त्यांना पाण्यातल्या पिसवा गिळतात,
पिसवांना आम्ही, भोपळ्याच्या वाटीने, घटाघट.
मग वर्षभर काही नाही.
वर्षभर तुम्ही पेरता, नाचता, बाळंत होता,
आणि कुणीतरी तुमच्या मांसातून
सावकाश खाली उतरत असतं,
वाट पाठ असलेल्या माणसासारखं.

त्या डबक्याचं पाणी सगळा गाव प्यायचा.
पुढच्या साली त्रेचाळीस जण आडवे झाले,
ऐन पेरणीत.
माझा पाय त्यात होता.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
वहीत तसा रकानाच नाही.

वहीत रकाने आहेत: माणूस, कुत्रा, मांजर.
माणसाच्या खाली चार वर्षं शून्य.
घरोघरी गाळायचं कापड, डबक्यात महिन्याला औषध,
मासे साफ केले की आतडी पुरायची, खोल.
नेलुम्ता खड्डा खणता खणता कुरकुरते:
"माझा सासरासुद्धा एवढा खोल पुरला नव्हता!"
पण माणूस सुटला तसं त्याने कुत्रं धरलं.
शारीच्या काठाने आता कुत्री बांधलेली,
आणि रात्रभर त्यांचं रडणं.

म्बायगेदेम विचारतो, "घटकाभर सोडू का?
बक्षिसाचे पैसे परत घ्या हवे तर."
तो रात्री झोपलेला नाही.
मी नाही म्हणते.
वाऱ्यावर पाण्याचा वास येतोय,
तो मलाही येतो.

बादली आणून तिचा पाय वाळूवर धरते,
वरून पाणी सोडते, बारीक धारेने.
ढग सुटतो.
वाळू तो पिऊन टाकते, मागे काही ठेवत नाही.
लोक-बोलू-देत डोळे मिटते.
तेच हायसं. मी ओळखते.

काडीला एक वेढा.
वहीत लिहिते: एकोणचाळीस बोटं.
अजून बाकी.